आराखडा काढायच्या आधी गल्लीत थर्मामीटर धरा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात रोज पहिल्या पानावर कोपऱ्यात तापमानाचा चौकोन असतो, कमाल इतकं, किमान इतकं. मी गेली वीस वर्षं एसी दुरुस्तीचं काम करतो, त्यामुळं सकाळी पेपर हातात आला की आधी तो चौकोन बघायची सवय लागलीये, कारण आकडा चढला की दिवसभरात फोन किती येणार याचा अंदाज येतो. पण तो आकडा आणि मी दिवसभर जिथं जिथं उभा राहतो तिथली हवा यांचा मेळ मला कधी बसलेला दिसला नाही, आणि त्याबद्दलच हे पत्र लिहितोय. लांबेल थोडं, पण बरेच दिवस मनात साचलंय, आणि सगळीकडे शहरं वाढतायत, नवे आराखडे निघतायत, तर हे आत्ताच बोललं पाहिजे.

आधी एका बिल्डिंगचं सांगतो. आठ मजले, सगळ्यात वरच्या घरातून तक्रार की दुपारी तीननंतर एसी बंद पडतो आणि रात्री परत नीट चालतो. माझ्या आधी दोनदा कुणीतरी येऊन गॅस भरून गेलेलं, कॅपॅसिटर बदललेला, तरी रडगाणं तेच. मी गेलो, गेज लावला, गॅस बरोबर, कंडेन्सरच्या जाळ्या स्वच्छ, पंखा व्यवस्थित फिरतोय, पण डिस्चार्ज प्रेशर नको तितकं वर. मग डक्टच्या खिडकीतून हात बाहेर काढला आणि आउटडोअर युनिट जिथून हवा आत ओढतं तिथं प्रोब, म्हणजे थर्मामीटरचं मोजणारं टोक, धरला. त्या दिवशी पेपरात 38 होतं, प्रोबवर 47 दिसलं. डक्ट म्हणजे कसा, तिन्ही बाजूंनी भिंती, वर आकाशाचा एवढासा तुकडा, आणि त्या अरुंद बोळात खालच्या मजल्यांवरची सहा युनिटं एकाच्या डोक्यावर एक अशी लावलेली. गरम हवा वर चढते हे शाळेतलं पोरही सांगेल. म्हणजे खालच्यांनी फेकलेली हवा वरचं युनिट आत घेत होतं आणि त्याच तापलेल्या हवेत स्वतःची उष्णता टाकायची धडपड करत होतं, शेवटी प्रेशर वाढून कॉम्प्रेसर ट्रिप व्हायचा. मशीन ठणठणीत होतं, त्याच्या वाट्याला आलेली हवाच वाईट होती.

लोकांना वाटतं एसी गारवा तयार करतो. तसं काही नसतं, तो घरातली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो, बस. दीड टनाचा एसी पूर्ण जोरात चालला तर साधारण 5.3 किलोवॉट उष्णता घरातून काढतो, त्यात त्यानं खाल्लेली दीडएक किलोवॉट वीज, तीही शेवटी उष्णताच होते, असे मिळून जवळजवळ 7 किलोवॉट खिडकीबाहेर पडतात. हजार वॉटच्या सात इस्त्र्या खिडकीखाली अखंड तापत ठेवल्या तर जे होईल ते. आणि अशी सात युनिटं. शिवाय एसीची क्षमता कंपनीत मोजतात ती बाहेरची हवा 35 अंश धरून, तशी टेस्टची पद्धतच ठरलेली आहे, त्याच्या वर बाहेरची हवा गेली की गारवा कमी मिळतो आणि वीज जास्त जाते, वीज जास्त गेली की बाहेर टाकलेली उष्णता वाढते, ती वाढली की वरच्याचं मशीन आणखी धापा टाकतं, असं ते चक्र.

पण त्या रात्री मला झोप लागली नाही ती एसीमुळं नाही. त्याच डक्टमध्ये प्रत्येक घराच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडते. सहाव्या मजल्यावर एक आजी एकट्या राहतात, त्यांच्याकडे एसी नाही. त्यांच्या घरातून युनिटं नीट दिसतील म्हणून मी गेलो आणि खिडकी उघडू का विचारलं तर म्हणाल्या, "अरे बाळा, उन्हाळा लागल्यापासून ही खिडकी मी उघडलीच नाही बघ, उघडली की भट्टीचं तोंड उघडल्यासारखं होतं." बाकीच्या सात घरांतली उष्णता, जिच्याकडे एसी नाही तिच्या ओट्यापाशी येऊन उभी. बिल्डिंगचा नकाशा पास करताना पार्किंग मोजलं असणार, जिना किती रुंद, लिफ्ट किती मोठी, पाण्याची टाकी किती लिटरची हे सगळं तपासलं असणार, आणि ते तपासलंच पाहिजे, पण ही एवढी गरम हवा जाणार कुठं हा प्रश्न कुणीच विचारला नाही. विचारायची पद्धतच नाही.

आता पेपरातला आकडा चुकीचा आहे का, तर अजिबात नाही. तो मोजतात पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या पेटीत, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, खाली गवत, आजूबाजूला मोकळं, भिंती-झाडांपासून लांब. मुद्दाम तसं करतात, म्हणजे एका गावाची दुसऱ्या गावाशी आणि यंदाची पन्नास वर्षांपूर्वीशी तुलना करता येते. वेधशाळा आपलं काम चोख करते. चूक आपली होते, आपण तो एक आकडा उचलतो आणि अख्ख्या शहराचा म्हणून वापरतो, आराखडा करतानाही तोच. माणसं मात्र डांबराच्या कडेला, पत्र्याखाली, डक्टच्या खिडकीशी, सहाव्या मजल्यावर राहतात.

माझी मुलगी भूगोल घेऊन शिकतेय. तिला हे सांगितलं तर म्हणाली, बाबा याला मायक्रोक्लायमेट म्हणतात, सूक्ष्म हवामान, आणि हे काही आजचं नाही, दोनशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये ल्यूक हॉवर्ड नावाच्या माणसानं हेच मोजून ठेवलंय. मी विचारलं शास्त्रज्ञ होता का, तर नाही, औषधी रसायनं बनवायचा धंदा होता त्याचा, हवामान हा नाद. ढगांना आज आपण ज्या नावांनी ओळखतो, क्युम्युलस, स्ट्रॅटस, सिरस, ती त्यानंच दिलेली. त्यानं वर्षानुवर्षं शहरातलं आणि शहराबाहेरचं तापमान लिहून काढलं आणि बघितलं की रात्री शहर बाहेरच्यापेक्षा सरासरी 3.7 अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण 2 अंश सेल्सियस, जास्त गरम असतं, आणि दिवसा मात्र किंचित थंडच. दिवसा थंड आणि रात्री गरम! ते ऐकून मी थांबलोच, कारण मी वीस वर्षं सगळं दुपारचंच बघत होतो.

मग मी वहीत लिहायला लागलो. कामावर जाता-येता, जिथं दोन मिनिटं थांबायचं तिथं प्रोब सावलीत धरायचा आणि आकडा, वेळ, जागा टिपायची. पहिल्या आठवड्यातच लक्षात आलं की नुसत्या हवेच्या आकड्यानं भागत नाही. एका बस स्टॉपवर पत्र्याखाली उभा होतो, थोडं पुढं मोठं झाड, तिथंही उभा राहिलो. हवेचं टेम्परेचर दोन्हीकडे जवळजवळ सारखं. पण पत्र्याखाली डोकं तापत होतं आणि झाडाखाली बरं वाटत होतं, हे कसं? मुलीनं सांगितलं की अंगाला तीन गोष्टी लागतात, हवा किती गरम, ती किती दमट आणि वाहती, आणि तिसरं म्हणजे आजूबाजूच्या तापलेल्या वस्तू आपल्याकडे किती उष्णता फेकतायत. पत्रा ऊन अडवतो पण स्वतः तापून खाली फेकतो. झाडाचं पान तेवढं तापत नाही कारण ते पाणी सोडत असतं. हे मोजायला काळा पोकळ गोळा असतो, आत थर्मामीटर. मी पाण्याच्या टाकीतला जुना तांब्याचा फ्लोट घेतला, काळ्या मॅट रंगानं रंगवला, भोकातून प्रोब आत सोडला आणि सील केला. नियमातला गोळा 15 सेंटीमीटरचा असतो, माझा त्याहून लहान, पण पत्रा आणि झाड यातला जो फरक साध्या थर्मामीटरनं लपवला होता तो गोळ्यानं लगेच दाखवला.

कामगारांसाठी, सैनिकांसाठी उन्हाचा त्रास मोजायचा एक जुना हिशोब आहे, वेट बल्ब ग्लोब टेम्परेचर म्हणतात. त्यात ओल्या फडक्यातल्या थर्मामीटरला 0.7, काळ्या गोळ्याला 0.2 आणि साध्या हवेच्या तापमानाला फक्त 0.1 वजन देतात. म्हणजे पेपरात जो आकडा छापून येतो त्याची उन्हात राबणाऱ्या माणसाच्या त्रासातली थेट वाटणी दहातली एक. हे कळल्यावर मला त्या चौकोनाकडं पूर्वीसारखं बघता येईना.

आणि गल्लीतलं रात्रीचं तर आपण कुणीच मोजत नाही. पश्चिमेकडच्या भिंतीला रात्री दहाला तळहात लावून बघा, उन्हाळ्यात ती कोमट असते, कधीकधी चांगलीच गरम. दिवसभर प्यायलेलं ऊन ती रात्रभर सोडत राहते. ही उष्णता शेवटी जाते ती वर आकाशात, म्हणून ज्या भिंतीला, ज्या रस्त्याला आकाश मोकळं दिसतं तो लवकर निवतो, आणि अरुंद गल्लीत समोरासमोर उंच बिल्डिंगा असल्या की ही भिंत त्या भिंतीकडे फेकते आणि ती परत हिच्याकडे. टिमथी ओक म्हणून कॅनडातले मोठे संशोधक, त्यांनी शहराच्या हवामानाचा अभ्यास करताना हेच दाखवलं की रस्त्यावर उभं राहून आकाशाचा किती भाग दिसतो आणि रात्री ती जागा बाहेरच्यापेक्षा किती गरम राहते याचा जवळचा संबंध आहे. पण लगेच रस्ते रुंद करा म्हणून उठू नका, कारण तीच अरुंद गल्ली दुपारी सावली देते, आणि रुंद रस्त्यावर दुपारी माणूस भाजून निघतो. म्हणून तर म्हणतो की नियम एका ओळीत लिहिता येत नाही, त्या जागेवर जाऊन दिवसाही आणि पहाटेही बघावं लागतं, तिथं दुपारी वावर जास्त का रात्री झोपणारी माणसं जास्त हेही बघावं लागतं. बाजाराच्या रस्त्याला सावली हवी. घरं आहेत तिथं रात्र निवली पाहिजे.

रात्र का महत्त्वाची, तर शरीर दिवसाचा ताण रात्री उतरवतं, आणि रात्र निवलीच नाही तर दुसऱ्या दिवसाची सुरुवातच थकून होते. 1995 च्या जुलैत शिकागोमध्ये उष्णतेची लाट आली, काही दिवसांत 700 पेक्षा जास्त माणसं गेली. नंतर तपास झाला त्यात दिसलं की एकटे राहणारे, आजारी, एसी नसलेले आणि वरच्या मजल्यावर राहणारे जास्त गेले. शहर तेच, पेपरातला आकडा सगळ्यांना एकच, पण मरण घर बघून, मजला बघून आलं. मला हे वाचताना सहाव्या मजल्यावरच्या आजीच दिसत होत्या.

आजकाल सॅटेलाइटचे लाल-पिवळे नकाशे खूप दिसतात, पेपरातही येतात, अमुक भाग एवढा तापला वगैरे. ते नकाशे कामाचे आहेत, पण ते काय दाखवतात हे सांगितलं जात नाही. लँडसॅटसारखा सॅटेलाइट वरून दिसणाऱ्या पृष्ठभागाचं तापमान टिपतो, म्हणजे गच्च्या, पत्रे, डांबर, झाडांचे शेंडे, हवेचं नाही. भिंती तर त्याला जवळपास दिसतच नाहीत. लँडसॅट 8 चा उष्णता टिपणारा कॅमेरा साधारण 100 मीटरचा तुकडा एक धरतो, एवढ्यात आमच्या दोन-तीन गल्ल्या बसतात, आणि एकाच जागेवर तो 16 दिवसांनी येतो, तेही सकाळी दहा-साडेदहाच्या सुमाराला. म्हणजे दुपार नाही, रात्र नाही, ढग असले तर काहीच नाही. असा नकाशा बघून कुठं जाऊन मोजायचं हे ठरवावं, इथपर्यंत ठीक. त्यावरून थेट निर्णय घेतला की गडबड होते.

कारण उपायही जागा बघून लागू पडतात. रस्त्याला पांढुरका रंग द्यायचा प्रयोग अमेरिकेत लॉस एंजेलिस आणि फिनिक्समध्ये झाला. रस्ता खरंच कमी तापला, पण भर दुपारी त्या रस्त्यावर उभ्या माणसाच्या अंगावर खालून परतलेलं ऊन जास्त यायला लागलं, हेही त्याच मोजणीत दिसलं. तोच पांढरा रंग गच्चीवर द्या, तिथं कुणी उभं नसतं, खालच्या खोलीला सरळ फायदा, आणि तो आमच्या धंद्यात रोज दिसतो, गच्चीवर रंग आहे त्या घराचा एसी लवकर कट-ऑफ घेतो, म्हणजे खोली गार होऊन कॉम्प्रेसर थांबतो. फवाऱ्यांचंही तसंच, कोरड्या हवेत बरं वाटतं, दमट हवेत नुसता चिकचिकाट. झाडं लावा म्हणताना सुद्धा कुठं आणि कुठलं हे बघायला लागतं, अगदी अरुंद आणि वाहनांनी भरलेल्या रस्त्यावर फांद्यांचं छत गच्च झालं तर धूर खालीच कोंडतो. पण एवढं सोडलं तर झाडासारखं मशीन मी बघितलेलं नाही. 1 लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण 0.68 किलोवॉट-तास उष्णता लागते, झाड ती आजूबाजूच्या हवेतून आणि उन्हातून घेतं, आणि बदल्यात कुणाच्या खिडकीत काही फेकत नाही. फक्त त्याला मुळं पसरायला माती आणि प्यायला पाणी पाहिजे, चारी बाजूंनी काँक्रीट ओतून मध्ये वीतभर खड्डा ठेवला तर ते जगेल पण काम करणार नाही.

वाऱ्याबद्दल तर मला वाटतं सगळ्यात कमी बोललं जातं. जर्मनीत स्टुटगार्ट म्हणून शहर आहे, डोंगरांच्या मध्ये वाटीसारख्या खोलगट जागेत वसलेलं, वारा मुळात कमी. तिथं 1938 पासून नगरपालिकेकडे स्वतःचे हवामानतज्ज्ञ आहेत. त्यांनी मोजून काढलं की रात्री उतारांवरून थंड हवा ओघळत खाली शहरात येते, पाणी ओढ्यातून येतं तशी, तिचे ठरलेले मार्ग असतात. मग हे मार्ग नकाशावर आखले, आणि त्या वाटेवर, उतारांवर बांधकाम करताना ती हवा अडणार नाही हे बघायचं असं ठरवलं. मला यातलं फार आवडतं ते हे, की त्यांनी हवेची वाट नदीच्या पात्रासारखी मानली. आपण निदान कागदावर तरी मान्य करतो की नाल्यात घर बांधू नये, मग वाऱ्याच्या नाल्यात भिंतीसारखी लांबलचक बिल्डिंग आडवी का टाकतो? हाँगकाँगला 2003 मध्ये सार्सची साथ आली, त्यानंतर दाट वस्तीतली हवा खेळती आहे का याकडे लक्ष गेलं आणि 2006 पासून मोठ्या सरकारी प्रकल्पांना हवा कशी वाहील याचं मूल्यांकन करायला लावलं. लंडनमध्ये उलटं झालं, 20 फेनचर्च स्ट्रीटची उंच इमारत आत वळलेल्या काचेची, 2013 मध्ये तिच्यावरून परतलेल्या उन्हानं खाली उभ्या गाडीचे भाग वितळले, मग ऊन अडवायला बाहेरून पट्ट्या बसवाव्या लागल्या, आणि पायथ्याशी वाऱ्याचाही त्रास लोकांनी सांगितला. तिथल्या प्रशासनानं 2019 मध्ये उंच इमारतींच्या वाऱ्यासाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या. उंच इमारत वरचा वारा आपटून खाली आणते, कुठं तो हवाहवासा वाटतो, कुठं म्हातारं माणूस पडेल इतका जोरात येतो, आणि हे पवनबोगद्यात, म्हणजे इमारतीच्या छोट्या मॉडेलवर वारा सोडून, किंवा कॉम्प्युटरवर आधीच बघता येतं.

मोजायचं कसं हे अवघड आहे का, तर माझ्यासारख्याला जमतं तर नगरपालिकेला न जमायला काय झालं. 2012 मध्ये स्ट्युअर्ट नावाचे संशोधक आणि वर सांगितलेले ओक यांनी शहराच्या भागांचे 17 प्रकार करून दिलेत, 10 बांधलेल्या भागाचे आणि 7 मोकळ्या, झाडाझुडपाच्या, पाण्याच्या जागेचे. उंच आणि दाट, बुटकं आणि दाट, मोकळं मोकळं असं. जगभर तेच वापरतात. तर आपल्या शहराची अशी वाटणी करायची, प्रत्येक प्रकारात थोडे सेन्सर लावायचे, पण नीट, सावलीच्या झडपांच्या डबीत, भिंतीपासून सुटे, माणसाच्या छातीच्या उंचीला, कारण उन्हात भिंतीला चिकटवलेला सेन्सर भिंतीचं तापमान सांगतो. आधी सगळे सेन्सर एका जागी शेजारी शेजारी ठेवून आठवडाभर बघायचं की ते एकमेकांशी जुळतात का, हे लोक विसरतात आणि मग दोन सेन्सरमधला फरक दोन गल्ल्यांतला फरक म्हणून खपतो. त्याशिवाय कॉलेजच्या मुलांना हातात मीटर देऊन एकाच वेळी वेगवेगळ्या रस्त्यांनी चालवायचं, एकदा दुपारी, एकदा सूर्य उगवायच्या आधी. आणि आकड्यांच्या शेजारी हेही लिहायचं की त्या वेळी तिथं कोण होतं, गाडीवाले किती, शाळा सुटलेली का, बसची वाट बघत किती उभे. हा सगळा डेटा लोकांना बघायला उघडा ठेवायचा.

त्यानंतर आराखडा. नवा रस्ता, नवी वसाहत, जुन्या चाळीच्या जागी टॉवर, काहीही असो, आधीची हवा कशी आहे आणि हे झाल्यावर कशी होईल याची एक नोंद त्या प्रस्तावाला जोडलेली हवी, आणि नुसती जोडलेली नाही तर तिच्यावरून नकाशा बदलता यायला हवा. बिल्डिंग दहा अंश वळवली, मध्ये एक फट सोडली, युनिटं डक्टऐवजी गच्चीवर न्यायची सोय केली तर कागदावर त्याला काहीच लागत नाही. बांधून झाल्यावर ह्यातलं एकही बदलत नाही, मग पन्नास-साठ वर्षं तिथले लोक ते सोसतात आणि आम्ही येऊन गॅस भरत राहतो.

उष्णतेच्या बाबतीत आपल्याकडे काहीच झालं नाही असंही नाही. अहमदाबादला 2010 च्या मे महिन्यात लाटेत खूप माणसं गेली, त्यानंतर 2013 मध्ये तिथं उष्णतेसाठी कृती आराखडा केला, आधीच इशारा देणं, दवाखान्यांची तयारी, पुढं वस्त्यांतल्या घरांच्या गच्च्या-पत्र्यांना पांढरा रंग. त्यानं जीव वाचतात, करायलाच पाहिजे. पण तो लाट आल्यावरचा इलाज आहे. मी म्हणतोय ते त्याच्या आधीचं, की शहरच असं बांधू नये ज्यात लाट आली की ती गल्लीत मुक्कामाला राहील.

तुमच्याकडं एक विनंती आहे. त्या चौकोनात एक ओळ वाढवा. वेधशाळेचा आकडा राहू दे, त्याच्या खाली शहरातल्या एखाद्या दाट वस्तीतलं रात्रीचं तापमान रोज छापा, सेन्सर बसवायला मी येतो, फुकट बसवून देतो, दर महिन्याला तपासूनही देतो. महिनाभर दोन आकडे शेजारी शेजारी दिसले की लोक आपोआप विचारायला लागतील. आणि नव्या प्रकल्पांच्या बातम्या देता तेव्हा मजले किती, फ्लॅट किती याबरोबर तुमच्या बातमीदारानं एवढंच विचारावं की इथली रात्रीची हवा मोजलीये का. नाही म्हणाले तर तसं छापा.

त्या आठ मजली बिल्डिंगमधलं वरचं युनिट आम्ही गच्चीवर नेलं, पाइप वाढवला, आता ट्रिप होत नाही. बाकीची सहा तिथंच आहेत, कारण त्यांना गच्चीपर्यंत पाइप न्यायला जागाच ठेवलेली नाही, आणि आजींची खिडकी अजून बंदच असते. शेजारच्या प्लॉटवर नवीन बिल्डिंग चढतेय, परवा पाचव्या मजल्याचा स्लॅब पडला, तसाच डक्ट, स्वयंपाकघराच्या खिडक्या त्याच बाजूला. मी साइटवरच्या सुपरवायझरला गाठून सगळं सांगितलं, वही दाखवली. त्यानं नीट ऐकून घेतलं, माणूस चांगला आहे, पण म्हणाला, दादा, ड्रॉइंग पास झालंय, आता माझ्या हातात काही नाही. त्या डक्टमध्ये अजून एकही युनिट लागलेलं नाही, खिडक्यांच्या चौकटी तेवढ्या बसल्यात.

आपला,
एक नियमित वाचक, एसी मेकॅनिक